दोन डावे हात

८ जानेवारी

पुन्हा हिचाच! माझी तीन डोळ्यांची कागदी कप्तान इंटरनेटवरून दिवसभरात अकरा जणांनी उतरवून घेतली. हिचा झाडूवाला — चारशे दोन जणांनी. मोजत नव्हतो, दिसलं.

झाडूवाला म्हणजे त्या जुन्या सिनेमातल्या अंतराळयानात फरशी पुसणारा गंजका यंत्रमानव. सबंध सिनेमात पाच मिनिटं. माझी कप्तान नायिका! कागद छापा, कापा, घड्या घाला, चिकटवा — केसाएवढी फट दिसणार नाही. हिच्या झाडूवाल्याची मानच वाकडी. आणि लोक लिहितात काय, तर "कित्ती गोड!"

खोक्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं आराखडे काढले मी. निवृत्त झाल्यावर या कागदी खेळण्यांचा नाद लागला तो मला. घडीची रेघ कशी दाबायची, हे हिला मी शिकवलं. गुरूची विद्या गुरूला!

११ जानेवारी

लेकीचा फोन. "बाबा, आमच्या ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर आईचा झाडूवाला आहे!" बरं. कप्तान कुणाच्या टेबलावर आहे ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं. नको, नाही विचारलं तेच बरं.

१५ जानेवारी

थिएटरवाला घरी आला होता. तोच सिनेमा पुन्हा लावतोय, मुलांसाठी, २८ तारखेला सकाळी. प्रत्येक पोराला एक छापील कागद देणार, घरी जाऊन खेळणं बनवायला. मी लगेच कपाटावरून कप्तान काढली, धूळ फुंकली, पुढे केली. त्याने इकडून पाहिली, तिकडून पाहिली. "काका, काम एक नंबर! पण पोरांना काकूंचा झाडूवालाच…"

मी हसलो. गाल दुखेपर्यंत हसलो. मग गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी एकदा घातलेलं होतं.

तो गेल्यावर ही म्हणाली, "अहो, कागदावर दोघांची नावं घालू या."

"काही नको," म्हटलं. दान नकोय मला.

१६ जानेवारी

स्वतःच्या बायकोचा हेवा! कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून इथे.

२० जानेवारी

आमच्या घरी एक नियम आहे. एकाने काढलेला नमुना दुसऱ्याने कापून, जोडून पाहायचा, मगच तो घराबाहेर. छापलेल्या दुसऱ्या प्रतीवर पेन्सिलीने लिहायचं — "जोडून पाहिला. चोख." खाली सही. नियम मीच आणलेला, कारखान्यातून.

आज हिने नव्या झाडूवाल्याच्या दोन प्रती हातात दिल्या आणि बाजारात गेली. कात्री उचलायच्या आधीच दिसलं. दोन्ही हात डावे! एक हात काढला, त्याचीच नक्कल शेजारी ठेवली आणि आरशातल्यासारखी उलटवायची राहिली. उजव्या खांद्याला लावला तर अंगठा पाठीकडे, गोंदाची पट्टी बाहेर लोंबणार. खाचेत हात बसणारच नाही.

सगळे म्हणतील, काकूंना जमलं नाही. म्हणू देत की! एकदा तरी म्हणू देत.

एक प्रत चुरगाळून कचऱ्याच्या टोपलीत फेकली. दुसरीवर लिहिलं — जोडून पाहिला. चोख. सही केली.

ही आली. "झालं? काही चुकलंय का हो?"

"छे! तुझं कधी चुकतं का?"

"जोडलेला कुठाय?"

"चहा सांडला त्याच्यावर. टाकून दिला."

"बरं," म्हणाली. पिशवीतली भाजी काढायला लागली.

२२ जानेवारी

कागद थिएटरवाल्याकडे गेला. अजून छापलेला नाही, सांगता येईल. जिन्यात ही शेजारणीला सांगत होती, "यांनी जोडून पाहिलाय ना, मग मला काळजी नाही."

उद्या सांगतो.

२३ जानेवारी

नाही सांगितलं.

२५ जानेवारी

थिएटरवाल्याचा फोन. "काका, तुमच्या नजरेखालून गेलंय ना? छापायला टाकतोय." हो म्हटलं! तोंडातून निघूनच गेलं. मग लक्षात आलं, दोनशे पोरांची खेळणी बिघडणार आणि सही माझी. तोंडघशी पडणार तो मीच. शहाणाच की मी!

आणि हिचं काय? चार दिवस झाले, ही गुणगुणत घरात फिरतेय. लेकीलाही तिकिटं काढायला सांगितली. तिकडे बघवत नाही.

२८ जानेवारी

डोकं दुखतंय म्हटलं. "गोळी घ्या आणि चला," म्हणाली.

थिएटरच्या दारात कागद वाटत होते. मी एक ओढूनच घेतला. एक हात डावा. एक उजवा. दुसरा कागद घेतला. तसाच. तिसरा. एका मुलीच्या हातातला वाकून पाहिला, तिची आई माझ्याकडे बघायला लागली.

सगळे बरोबर.

आधी हायसं वाटलं. मग डोक्यात आलं — दुरुस्त केलं कुणी? कधी? थिएटरवाला हिचं कौतुक करत होता. ही सगळ्यांदेखत म्हणाली, "माझं काय, यांचं लक्ष असतं म्हणून." माझ्याकडे बघितलं नाही. लेक टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या.

येताना रस्ताभर मी खिशातला कागद चाचपत होतो.

२९ जानेवारी

चहा झाल्यावर हिने माझ्यापुढे नवा नमुना ठेवला. शेजारी कात्री, गोंद. समोरची खुर्ची ओढून बसली.

म्हणाली, "आता माझ्यासमोर जोडा."