‘गीताची वजडी’ : एक तटस्थ अभ्यास

४ जानेवारी, शनिवार
मेडिकलवाल्यानं नव्या वर्षाची डायरी दिली. वाया कशाला घालवा. यंदा संकल्प एकच : शिवानीची गाडी बंद पाडणे.

पोरगी एम.कॉम. बँकेतली नोकरी सोडली आणि मलकपेठेत रेसकोर्सच्या भिंतीलगत फूड ट्रक लावते. ट्रकवर तिच्या आईचं, म्हणजे माझ्या बायकोचं नाव. ‘गीताची वजडी’. हातभर अक्षरात, चार लिप्यांत. म्हणजे अख्ख्या हैदराबादेत कुणाचं वाचायचं राहायला नको. गीता जाऊन दीड वर्षही झालं नाही. तीन पिढ्या खपून आम्ही टेबल-खुर्चीपर्यंत आलो, आणि ही परत बोकडाची आतडी धुवायला बसली. चार महिने बोललेलो नाही. ती दर रविवारी मेसेज करते : बाबा, एकदा येऊन खाऊन जा. मी उत्तर देत नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

पण बंद पाडायची तर आधी अभ्यास हवा. उद्यापासून निरीक्षण. तटस्थ.

५ जानेवारी, रविवार. संध्या. ७
माकडटोपी, मास्क, मफलर. अंबरपेठेहून बसनं गेलो. समोरच्या फुटपाथवर बबलूचा चहा. तिथं ठाण मांडलं. कुणीही ओळखलं नाही.

तीन ट्रक ओळीनं. मोमोवाल्याकडे लग्नाच्या मांडवाइतकी रोषणाई, गिऱ्हाईकं चार. डोसेवाल्याकडे बेचाळीस प्रकार, त्यात चॉकलेट डोसा. पाटी वाचेपर्यंत भूक मरते. शिवानीकडे एक हंडी, एक ट्यूबलाइट, एकच पदार्थ, सोबत ज्वारीची भाकरी आणि कांदा. रांग पस्तीस माणसांची.
निष्कर्ष : लोक येडे आहेत.

९ जानेवारी, गुरुवार
नवा निष्कर्ष : गर्दीला गर्दी ओढते. महिनाभरात ओसरेल.

बबलूशी सहज बोललो. तो म्हणतो, सकाळी अकरापासून ती स्वतः वजडी साफ करते, कोमट पाण्यानं सात वेळा. कालचं आज ठेवत नाही. हंडी संपली की शटर खाली, मग मंत्री येवो. नेहमीच्या माणसाला तिखट किती लागतं ते तिच्या ध्यानात असतं. मी म्हणालो, याला धंदा म्हणत नाहीत. तो म्हणाला, “चचा, मज़ा तो उसीच में है.”
त्यानं चहा न सांगता बिनसाखरेचा दिला. चेहऱ्यावरून शुगर ओळखतात, हैदराबादी माणूस मोठा चाणाक्ष.

१२ जानेवारी, रविवार
मेसेज आला. उत्तर दिलं नाही. प्रत्यक्ष गेलो, पण समोरच्या फुटपाथवर.
बबलूनं आज माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं. माझ्यात काहीतरी रुबाब असावा.

१५ जानेवारी, बुधवार
जाणार नव्हतो. गुडघा दुखतोय. गेलो.

वारा आमच्या बाजूला वळला आणि वास आला. आलं-लसूण, भाजलेलं खोबरं, काळा मसाला. चहा निवला.

गीतानं शेवटच्या महिन्यात वजडी मागितली होती. दोनदा. मी इडली आणून दिली. डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलं होतं. असो. निरीक्षणाशी याचा संबंध नाही.

१९ जानेवारी, रविवार
लांबून अभ्यास अपुरा पडतो म्हणून रांगेत शिरलो. खायचं नव्हतं. जवळून बघून बाजूला होणार होतो.

पुढे पुण्याचा एक पोरगा, आदित्य. आयटीत आहे, गच्चीबावलीहून तास मोडून येतो. मी मराठी म्हटल्यावर खुलला. म्हणाला, इथं चव राखलीय, शहरी लोकांना सोसावी म्हणून सौम्य केली नाही, तोंड भाजतं तरी माणूस भाकरीनं ताट पुसतो. मग विचारलं, “काका, तुम्ही खाल्लीय का कधी?”

मी म्हणालो, “नाही. आमच्यात खात नाहीत.”

तोंडातून गेलंच. तो आनंदानं खिडकीकडे ओरडला की शिवानी, या काकांना पहिली प्लेट दे, यांच्यात खात नाहीत. तिनं मान वर केली. माकडटोपी, मास्क, मफलर, सगळं अंगावर होतं. तिनं नुसतं पाहिलं. डाव हातातच राहिला.
रांगेतून निघालो. बस मिळेना, घरापर्यंत चालत आलो.

२० जानेवारी, सोमवार
खोटं कुठं बोललो? बत्तीस वर्षांत खाल्लेलीच नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी डब्यात नेली होती. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं झाकण उघडलेलं पाहिलं, खुर्ची उचलली आणि खिडकीपाशी जाऊन बसला. बोलला काही नाही. दुसऱ्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत मी बटाट्याची भाजी नेली. घरातही बंद केली, कारण जिन्यात वास जातो. गीता माहेरी, नांदेडकडे गेली की तिथं खाऊन यायची. शिवानीला तिनं तिथंच शिकवली असणार. मला दोघींनी कधी सांगितलं नाही.

पहाटे ४
झोप नाही. डॉक्टर काय म्हणाले ते नीट लिहितो. म्हणाले होते, आता पथ्य नको, जे आवडतं ते द्या.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनाला गेलो. शिवानीचा मेसेज नाही.
नेटवर्क खराब असेल.

२७ जानेवारी, सोमवार
नेटवर्क ठीक आहे. बिल्डिंगमधल्या तिघांकडून खात्री करून घेतली.

१ फेब्रुवारी, शनिवार
पक्कं ठरलं. उद्या उघड्या तोंडानं जायचं. टोपी नाही, मास्क नाही. पुढच्या स्टुलावर बसायचं, दोन प्लेट खायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, मी गीताचा नवरा. आरशासमोर सहा वेळा म्हणून पाहिलं. आवाज खणखणीत आहे. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

२ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८
गेलो. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला.

शिवानी बारीक झालीय. हाताला चटके आहेत. तिनं डाव खाली ठेवला, फडक्यानं स्टूल पुसलं आणि म्हणाली, “बाबा, इथं बसा. गरम खा.”

मागे वीस-पंचवीस माणसं. सगळी माझ्याकडे बघतायत असं वाटलं. कुणी बघत नसेलही. मी म्हणालो, “पार्सल दे.”

तिनं डबा भरला, दोन भाकऱ्या, कांदा, लिंबू. गाठ मारून पिशवी हातात दिली. “महिनाभर समोर बसत होतात,” एवढंच म्हणाली, आणि पुढच्या माणसाला किती तिखट ते विचारलं.

पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, ती छत्रीच्या कापडात गुंडाळली. घरी आलो. खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला टॉवेल लावला, उदबत्त्या पेटवल्या. मग डबा उघडला.

गीताचाच हात. मीठसुद्धा तिचंच, किंचित जास्त. मला रडू आलं. तिला दोन घास मिळाले असते. एवढंच मागितलं होतं तिनं.

तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या वैशालीताई, दिवाळीत राहायला आलेल्या, मुंबईच्या. उदबत्त्यांचा धूर बघून घाबरल्या होत्या. मग त्यांनी वास घेतला आणि हसल्या. म्हणाल्या, “मलकपेठची वजडी ना? आम्ही दर शुक्रवारी आणतो. सांगितलं असतंत तर तुमचीही आणली असती.”

माझ्या खांद्यावरून त्यांनी भिंतीवरचा फोटो पाहिला, खालचं नाव वाचलं. म्हणाल्या, “अय्या, यांचंही नाव गीताच. योगायोग बघा.”

मी हो म्हणालो, योगायोग. आणि दार लावलं.