आवाजाकडे लक्ष न देण्याची परीक्षा

तीर्थरूप हरेश्वरमामा,

तुम्हाला नमस्कार आणि केसरमामीला वाकून (पत्र तीच मोठ्याने वाचणार, म्हणून). तुमचा गुडघा कसा आहे? इकडे आईचं बरं आहे. माझंही बरं आहे, पण ते मी म्हटलेलं कुणी खरं धरत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. समोर आलो की तुम्ही आधी माझे डोळे तपासता आणि माझं बोलणं अडतं.

गेल्या शिमग्यात तीन दिवस न झोपता मी तुमची बोट जांभळी रंगवली, तेव्हापासून मी किनाऱ्यावर आहे. (रंग एकसारखा बसला होता, हे तुम्हीही कबूल केलंत.) या आजाराला बायपोलर म्हणतात, मन कधी उधाणाला, कधी ओहोटीला. "कमल्या, डोकं जाग्यावर हाय असं कुनी लिवून दिलं तर ये बोटीवर," असं तुम्ही म्हणालात. पुढे कळलं, की मुंबईच्या एका हॉस्पिटलात या आजाराच्या माणसांचा मेंदू आवाज कसा टिपतो ते मोजतात. मी लगेच नाव दिलं.

तिथे हेमाली नावाच्या बाईंनी माझ्या डोक्यावर तारांची टोपी चढवली, प्रत्येक तारेखाली चिकट मलम भरलं (बत्तीस तारा, मी मोजल्या) आणि समोर बिनआवाजाचा सिनेमा लावला. कानात टुक टुक टुक, मध्येच एखादा वेगळा टुक. त्या म्हणाल्या, "आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही. मेंदूला फरक आपोआप कळतो, तोच आम्हाला हवा."

मामा, तुमच्या हाताखाली सात वर्षं इंजिनाचा आवाज ऐकत काढलेल्या माणसाला हे सांगायचं? पाच मिनिटं कसाबसा सिनेमा बघितला. मग टुकटुक बदललं आणि मी उठलोच. टोपी मागच्या मागे ओढली गेली.

"कुठे निघालात?"

"पंख्यात जाळं अडकलंय," मी म्हणालो. "इंजिन बंद करतो."

बाई चांगल्या. हसल्या नाहीत, निदान माझ्याकडे तोंड होतं तोवर. दुसऱ्या खेपेला मी खुर्ची घट्ट धरून, दात आवळून बसलो, तर यंत्रावर मेंदूच्या रेषा उमटतात त्यांत दात आवळल्याचंच सगळं उतरलं. तिसऱ्या खेपेला जमलं. (सिनेमा तेव्हा कळला. बदकांचा होता.)

पास झालो का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, यात पास-नापास नसतं. आजार असलेल्या आणि नसलेल्या पुष्कळ माणसांच्या रेषा ताडून बघतात, एकट्याच्या रेषेवरून कुणाचं डोकं जाग्यावर आहे ते ठरत नाही. मी विचारलं, "मग तसं लिहून कुणाला मिळतं?" त्या म्हणाल्या, "कुणालाच नाही." फार मागे लागलो तेव्हा 'हजर होते' एवढं लिहून शिक्का मारून दिलं. ते सोबत जोडलं आहे.

हे पत्र काही मागण्यासाठी नाही. तुम्हाला कळवावं, एवढंच.

तुमचा भाचा,
कमलेश

ता. क. : नारळी पौर्णिमेनंतर मला इंजिनावर घ्या. गोळ्या वेळेवर चालू आहेत, हव्या तर मामीसमोर घेईन. डॉक्टरांनी जागरण नको म्हटलंय, म्हणून सकाळी निघून संध्याकाळी परतणारी फेरीच द्या.

आणखी एक : इंजिनावरच्या कपड्यांची माझी पिशवी परवाच तुमच्या केबिनमध्ये ठेवून आलो आहे. नकार असेल तर ती घरी पाठवा. होकार असेल तर काहीच करू नका.