आबांच्या कागदावर माझं नाव

रविवार, औंध

आज आबांनी, माझ्या आजोबांनी, मला हसवलंही आणि रडवलंही. वय ब्याऐंशी, फौजेतले निवृत्त सुभेदार, तब्येत ठणठणीत. तरी वैद्यकीय इच्छापत्र करायचंच म्हणाले. शुद्धीवर यायची आशा नसेल तर मशीनवर ठेवू नका. आणि तसं डॉक्टरांना सांगायला माझं नाव घातलंय. मला न विचारता!

वडूजला नोटरीसमोर एका साक्षीदाराची, आमच्या शेजाऱ्यांची, सही लगेच झाली. दुसरे साक्षीदार आबांचे फौजेतले दोस्त तात्या, पण ते पेनच धरेनात. "गड्या, ही सही म्हंजी मीच तुला मारल्यासारखं की रं!"

"मरणाची सुई कुठं मागतोय मी? ती कायद्यात बसतच न्हाई. नुसतं मशीन नको म्हणतोय."

तात्या तासभर भांडले. नोटरीसाहेबांनी दोनदा चहा मागवला. शेवटी सही ठोकून तात्या म्हणाले, "आता माझाबी असाच कागद कर."

राहिले मी. कागदावरचं माझं नाव पुन्हा वाचलं. जमेल मला? विचारलंच, "आबा, त्या दिवशी मला रडू फुटलं तर?"

"मग रडत रडत सांग, पोरी. कायद्यात रडायला बंदी न्हाई."

नोटरीसाहेबसुद्धा हसले. मी डोळे पुसले आणि संमतीची सही केली.