फळी चार बोटं खाली

तीर्थरूप आईंना, तुमच्या सुनेचा, सुनंदाचा नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. एकाच स्वयंपाकघरात चौतीस वर्षं काढली, बोललो की झालं. तुम्ही जाऊनही आता अकरा वर्षं झाली. पण काल मी आपली फळी खाली घेतली आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

पाठ फार दुखते म्हणून गेल्या आठवड्यात रत्नागिरीला डॉक्टरांकडे गेले. तिथल्या मुलीने भिंतीला उभं करून उंची मोजली. मी पाच फूट दोन सांगितली होती, भरली पाच फूट! मी तिच्याशी भांडले. "पट्टी नीट लाव गो, वर चिकटवलीस तू." पट्टी बरोबर होती. हाडं ठिसूळ झालीत, मणके दबलेत, म्हणून उंची गेली आणि पोटही पुढे आलं, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हा तुम्हीच आठवलात.

"सुनंदा गो, ही फळी वर गेलीय काय?" असं तुम्ही किती वेळा विचारलंत! मी हसायचे. "आई, लादी बसवल्यावर जमीन वर आली. फळी उलट जवळ यायला हवी." शेजारणीलाही हा विनोद मी सांगितला होता. मामंजींनी ती फळी तुम्हाला हात वर करायला लावून, मापाने मारली होती. त्या मापाच्या तुम्ही राहिला नव्हतात, हे मला का कळू नये?

लुगडं पायात यायचं, म्हणून तुम्ही कमरेला जास्त खोचायचात. मी म्हणायचे, पोट सुटलंय, भात कमी करा. ताठ उभ्या राहा, पोक काढू नका, हेही रोजचंच. आता माझा ब्लाउज मागून वर चढतो आणि सून काही बोलत नाही. मी मात्र बोलले. चुकलं माझं.

पण आई, तुम्हीही पाठ दुखतेय म्हणून कधी सांगितलं नाहीत. विचारलं की "वय झालं" एवढंच! आणि मी पाणी भरायला गेले असताना पाटावर पाट ठेवून कशाला चढलात? फळीवरची कोकमाच्या आगळाची बरणी मी दिली नसती का? खुबा मोडलेला, उठता येत नव्हतं आणि तुमचा पहिला प्रश्न, "बरणी फुटली नाही ना?"

नव्हती फुटली. तुम्ही मात्र त्या अंथरुणातून उठला नाहीत.

काल सुतार आला. म्हणाला, "काकी, हात वर करा. टाचा उचलू नका, पुरतो तितकाच." त्याने खूण केली, ती जुन्या फळीच्या चार बोटं खाली आली. सगळं काम तासाभरात झालं. एक तास, आई! तुमच्यासाठी मी तो काढला नाही.

जुन्या खिळ्यांची भोकं बुजवू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं.

गोळ्या वेळेवर घेईन. पाटावर चढणार नाही. उंची आणखी कमी भरली, तर न लाजता फळी पुन्हा खाली घेईन. आणि ती भोकं कसली म्हणून सुनेने विचारलं, की खाली बसवून तिला सगळं सांगेन. मी हसायचे, तेसुद्धा.

तुमची,
सुनंदा