सेमीफायनल हरल्यानंतर

अबू हलीफा, कुवेत
१९ एप्रिल १९९८

प्रिय सफिया,

बकरी ईदेला तुझी फार आठवण झाली. तू आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात शेवया करायचीस, तसं आता या बिल्डिंगीत कोणी करत नाही. तू गावी गेल्यापासून तुझ्या फ्लॅटमध्ये इजिप्तचं कुटुंब आलंय. माणसं चांगली आहेत, पण बोलायला भाषा नाही.

आपल्या बंदर इलेव्हनचा सीझन परवा शुक्रवारी संपला. दरवर्षी ब गटात साखळीतच गारद होणारी टीम यंदा पहिल्या चारांत आली होती. आमचे हे नेहमीसारखे स्कोअर लिहायला, मी चहाचा थर्मास घेऊन. वाळूवर मॅट अंथरून ठोकेपर्यंतच पोरं घामाघूम. तुझ्या घरच्या कॅप्टनने, यूसुफभाईंनी बॅटिंग चांगली केली, पण शेवटच्या ओव्हरीत दुसरी धाव घ्यायला निघाले आणि मध्येच उभे राहिले. रनआऊट. आपण हरलो. मुझफ्फर म्हणाला, "कॅप्टन, तुम्ही कंपनीच्या बससारखे, मधल्या स्टॉपवर थांबता!" सगळे हसले. यूसुफभाईसुद्धा हसले. मला मात्र हसू आलं नाही.

का, ते सांगते. दर सीझनला मी देवापुढे नारळ ठेवून टीमसाठी गाऱ्हाणं घालते, तुला ठाऊक आहे. प्रसादाचं खोबरं पहिलं मागणार यूसुफभाईच. या खेपेला नारळ ठेवला आणि म्हटलं, बाप्पा, ह्यांना हरव. अकरा पोरांच्या विरुद्ध मागणं मागताना जीभ अडखळली गं. पण टीम जिंकत राहिली तर हा माणूस गावी परतायचा नाही, असं मला वाटत होतं. देवाने ऐकलं. उपयोग झाला नाही. मॅट गुंडाळताना ते पोरांना म्हणाले, "पुढच्या सीझनला बघून घेऊ."

सफिया, खाली बसून वाच. यूसुफभाईंची कंपनी डिसेंबरातच बंद पडली. ड्युटी वाढली म्हणून फोन कमी करतो, असं ते तुला सांगतात, ते खरं नाही. कंपनीने हिशोब करून जे दिलं त्यातून ते तुला पाठवतात. मी घर चालवते, असे पैसे किती पुरतात ते मला कळतं. आधी रोज इस्त्रीचा शर्ट घालून नोकरीसाठी शहरात मिरकाबला ऑफिसं पालथी घालायचे. आता समुद्राकडच्या बाकावर बसून असतात. आठवडाभर कोणाशी बोलत नाहीत, शुक्रवारी मैदानावर तेवढा आवाज चढतो. इथे राहायचा परवाना, इकामा, मे महिन्याच्या अखेरीस संपतो. त्यानंतर रस्त्यात पोलिसांनी कार्ड मागितलं की थेट कोठडी. ह्यांनी विचारलं, "तिकीट काढू का?" तर म्हणाले, "सखारामदा, इथं शुक्रवारचा का होईना, कॅप्टन आहे. गावात काय म्हणतील? घरी बसलेला." ह्यांनी तिकिटाचा विषय सोडला. पुरुषांना पुरुषांचं पटतं.

तुमचा फोन शेजाऱ्यांकडे, तिथे सगळे कान देऊन ऐकतात. म्हणून सुट्टीवर निघालेल्या मुस्तफाबरोबर हे पत्र पाठवतेय. पोचलं की त्याच आठवड्याच्या शुक्रवारी सकाळी बाजारातल्या बूथवरून माझ्याकडे फोन लाव. मी यूसुफभाईंना नाश्त्याला बोलावून ठेवते. नोकरीचं तुला कळलंय असं दाखवू नकोस. रडू नकोस. परत या, असंही म्हणू नकोस, म्हणशील तर ते हसून विषय बदलतील. लेकीसाठी, इक्रासाठी स्थळ बघायला घेतलंय म्हण, लोक बोलणी करायला बापालाच विचारतात, बायकांच्या शब्दाला किंमत देत नाहीत म्हण. तुमच्यावाचून माझं अडलंय, एवढं ठासून सांग. या माणसावाचून इथं कोणाचं काही अडत नाही, हेच त्याला खातंय.

तुझीच,
द्वारकाताई