नुकसानभरपाई मालकाला

ग्योतोकु, जपान; रविवार संध्याकाळ

अजून सावरलो नाही. दुपारभर पुण्याच्या साप्ताहिकासाठी आयर्लंडमधल्या एका जुन्या मतदारसंघावर लिहीत होतो. मूठभर मतदार, तेही बहुतेक जमीनदाराचेच भाऊबंद; तो सांगेल ते दोघे संसदेत जायचे. संस्कृतात लेकरांनाही प्रजा म्हणतात आणि रयतेलाही. या गृहस्थाने भेदच ठेवला नव्हता. पुढे मतदारसंघ रद्द झाला, तेव्हा नुकसानभरपाईसुद्धा त्यालाच! मी पोटभर हसलो, बायकोला, वसुधालाही वाचून दाखवलं.

तेवढ्यात आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष गोखलेकाका यांचा फोन आला. "यंदा अध्यक्ष आमच्या सूनबाई. बिनविरोधच करू नेहमीसारखं. तुमचं अनुमोदन धरलंय हं."

"बरं," म्हणालो. अगदी सवयीने.

फोन ठेवला तर समोर वसुधा. यंदा तिला उभं राहायचंय, हे अजून मला एकट्यालाच ठाऊक. मंडळाच्या गणपतीचा सगळा स्वयंपाक वर्षानुवर्षं तिच्याच गळ्यात.

"त्या तुमच्या आयरिश मतदारांना काय मिळालं हो?" तिने विचारलं.

"काही नाही. भरपाई मालकाला."

"मग तुम्ही फुकटच अनुमोदन दिलंत म्हणायचं."

म्हणजे मी भाऊबंदांपैकी? मी? लोकशाहीवर इतके स्तंभ खरडणारा? भरपाई मालकाला, आणि 'बरं' माझं!

काकांना परत फोन लावला. "अनुमोदन मागे घेतो. वसुधा उभी राहतेय. निवडणूक घ्या."

पलीकडून खरोखर घाबरलेला आवाज : "अहो, पण ती घेतात कशी?"

तोच प्रश्न मी वसुधाला विचारला. वसुधाने हात पुढे केला. "द्या इकडे. मी सांगते त्यांना."