नाकाजवळची खूण

डोकमर्डी, सिल्वासा
११ फेब्रुवारी

प्रिय लीलाताई,

नमस्कार. दापोलीला सुखरूप पोचलीस हे भाऊजींकडून कळलं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर.

आधी आईचं. ताप उतरलाय. ऑक्सिजन अजून चालू आहे, पण डोळे उघडून बघते, नानांना ओळखते. छातीतला कफ कमी होतोय असं डॉक्टर म्हणतात. धोका टळला असं मात्र म्हणत नाहीत. नाकातून नवी नळी घातली आहे. ती पोटातच आहे, हे एक्स-रे काढून बघितलं आणि मगच दूध सुरू केलं. मी शाळेतून रजा घेतली आहे. श्रीकांत सायली गावातली कंपनी सुटली की सरळ दवाखान्यात येतो, मग मी घरी येऊन नानांना वाढते. ते ताटात नुसता हात फिरवतात.

भाऊजी म्हणाले, सत्यनारायणापासून तू देवापुढे बसलीच नाहीस. दवाखान्याच्या व्हरांड्यात नाना तुला बोलले, "लकव्यापासून तिला गिळता येत नाही, माहीत होतं ना? मग चमच्याने तीर्थ कशाला पाजलंस?" मी शेजारीच उभी होते.

चमचा नव्हताच. तू बोट बुडवून तिच्या ओठांना लावलंस, मी पाहिलं. आई त्यावर खोकली नव्हती.

तू आलीस त्या संध्याकाळी मी तुला नळीचं सगळं दाखवलं होतं. नाकपुडीजवळ नळीवर काळ्या मार्करची खूण, दूध घालण्याआधी ती जागेवर आहे का बघायचं, सिरिंजने पोटातलं थोडं पाणी ओढून कागदाच्या पट्टीवर रंग तपासायचा, तो बदलला तरच नळी पोटात आहे समजायचं. आणि खूण सरकली असेल तर नळी आत ढकलायची नाही, नळी बघायला घरी येणाऱ्या कावेरी सिस्टरला बोलवायचं. तू म्हणालीस, "बाई गं, घरातही वर्ग घेतेस? छडी कुठाय तुझी?" आईसुद्धा अर्ध्या तोंडाने हसली होती.

आता मोबाइलमधला आई-नानांचा पूजेनंतरचा फोटो उघड. किती छान दिसतेय म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं, तो. तिच्या चेहऱ्यावर चिकटपट्टी नाही, बघ. पिवळी पडलेली, दुधाचे डाग पडलेली पट्टी फोटोत यायला नको म्हणून मीच ती काढली होती. नथ घालायची म्हणून नळी कानामागे नेली. फोटो मोठा कर. काळी खूण आईच्या ओठापाशी लोंबतेय.

तुम्ही सगळे प्रसादाला बसलात तेव्हा ती मला दिसली. कावेरी सिस्टरला फोन लावला. ती वापीला होती. म्हणाली, "शाम को येते ना मॅडम. तब तक हात नका लावू, दूध पण नका देऊ." आई भुकेली आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर एवढ्या पाहुण्यांत नळी माझ्या हातून निघाली, हे मला दिसू द्यायचं नव्हतं. खूण नाकपुडीशी येईपर्यंत मी नळी आत सारली आणि नवी चिकटपट्टी लावली. सिरिंजने ओढून बघितलं, काहीच आलं नाही. तरी खूण जागेवर आहे ना, म्हणून दूध सोडलं. त्यानंतर आई खोकली, ताई. निळी पडली.

एक्स-रेमध्ये नळी घशातच गुंडाळलेली निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "कुणी हलवली होती का?" मी नाही म्हणाले. मग नाना तुझ्यावर घसरले आणि मी ऐकत राहिले.

काल डॉक्टरांना सांगितलं. घरी येऊन नानांना. ते म्हणाले, "तिला घरी आणल्यावर दूध कोण घालणार?" मी म्हटलं, मीच. त्यांनी मान फिरवली. त्यांचं चुकलं नाही. माझाही माझ्या हातावर भरवसा राहिलेला नाही.

तू ये. नळी मी धरेन, खूण तू बघ, पट्टीचा रंग तू बघ. तू हो म्हटल्याशिवाय मी सिरिंज उचलणार नाही.

सकाळपासून नाना तुला फोन लावताहेत. माझा नको उचलूस, त्यांचा उचल. आणि देवापुढे बस.

जिच्या वाट्याचं तुला ऐकून घ्यावं लागलं, ती
मनीषा